टोकियो ते ओसाका, आडवाटेने: बुलेट ट्रेनच्या जपान प्रवासाची आखणी

जपानला स्वतःच्या स्वतः जायचं ठरलं की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "जेआर पास घ्यायचा का?" हा जपान रेल्वेच्या (जेआर) गाड्यांनी देशभर फिरण्याचा पर्यटकांचा पास. प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. आधी शहरांचा क्रम ठरवा, मग कुठे किती रात्री ते ठरवा, आणि मग प्रत्येक टप्प्याचं तिकीट. पासचा हिशेब शेवटी. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. तेव्हापासून "आधी पास घ्या, मग हवं तिथे फिरा" हा जुना सल्ला मोडीत निघाला आहे, तरी तो व्हॉट्सॲपवर अजून फिरतोच आहे.

नमुन्यादाखल एक मार्ग घेऊ: टोकियो, कानाझावा, क्योटो, हिरोशिमा, ओसाका. विमान टोकियोला उतरणारं आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून सुटणारं घ्या. जाऊन-येऊन टोकियोचंच तिकीट काढलं, तर परतीच्या बुलेट ट्रेनचे प्रत्येकी चौदा-पंधरा हजार येन आणि अर्धा दिवस फुकट जातो. टोकियोत चार रात्री, कानाझावात दोन, क्योटोत तीन, हिरोशिमात दोन आणि शेवटी ओसाकात दोन अशी विभागणी दमछाक करत नाही. एका रात्रीचा मुक्काम शक्यतो कुठेच ठेवू नका. गाडी वेळेवर असते, पण बॅगा भरणं आणि चेक-इनसाठी तीन वाजेपर्यंत थांबणं यातच तो दिवस संपतो.

तारखांबाबत आपल्याकडचा एक हमखास घोळ म्हणजे मुलांची मे महिन्याची सुट्टी. एप्रिलअखेर ते ५-६ मे या काळात जपानात 'गोल्डन वीक' असतो आणि अख्खा देश घराबाहेर पडतो. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण आणि डिसेंबरअखेर नववर्ष, तेव्हाही तेच. या तीन हंगामांत नोझोमी या सर्वात वेगवान बुलेट ट्रेनना अनारक्षित डबेच नसतात. मुलांसह जायचं असेल तर १० मे नंतर निघा. दिवाळीची सुट्टी मात्र हवामानाला छान जुळते.

आता हिशेब. पुढचे आकडे मोठ्या माणसाचे, आरक्षित सीटचे आणि ढोबळ आहेत. हंगामानुसार काही शे येन इकडे-तिकडे होतात. टोकियो–कानाझावा साडेचौदा हजार, कानाझावा–क्योटो साडेआठ हजारांच्या आसपास, क्योटो–हिरोशिमा साडेअकरा हजार, हिरोशिमा–शिन-ओसाका पावणेअकरा हजार. बेरीज पंचेचाळीस हजार, म्हणजे पासपेक्षा कमीच. शिवाय पास सलग सात दिवस चालतो, त्यामुळे सगळे लांबचे टप्पे त्या आठवड्यात कोंबावे लागतात. त्यावर नोझोमीत बसायचं तर पासधारकाला वेगळा अधिभार पडतो. टोकियो–क्योटोला तो ४,९६० येन आहे.

खरी बचत प्रादेशिक पासात आहे. शेवटच्या दोन टप्प्यांसाठी जपान रेल्वेच्या पश्चिमेकडच्या कंपनीचा, म्हणजे जेआर वेस्टचा, पाच दिवसांचा कान्साई–हिरोशिमा पास पाहा. २०२३ च्या दरवाढीनंतर तो १७,००० येनचा झाला. घेताना ताजा दर तपासा. त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा नोझोमीसुद्धा चालते. पाच दिवस असे बसतात: पहिल्या दिवशी क्योटोहून निघून वाटेत हिमेजीचा किल्ला पाहून हिरोशिमा, दुसऱ्या दिवशी मियाजिमा बेट (जेआरची फेरी पासात धरलेली, १०० येनचा पर्यटक कर मात्र वेगळा), तिसऱ्या दिवशी ओसाका, चौथ्या दिवशी नारा, पाचव्या दिवशी हारुका एक्सप्रेसने विमानतळ. फक्त एक लक्षात ठेवा: क्योटो ते शिन-ओसाका हा बुलेट ट्रेनचा तुकडा जेआर सेंट्रल या दुसऱ्या कंपनीचा आहे, तो या पासात नाही. तेवढं अंतर साध्या जलद लोकलने अर्ध्या तासात काटायचं आणि शिन-ओसाकाला बुलेट ट्रेन पकडायची.

कानाझावा वगळून टोकियो–क्योटो–हिरोशिमा असं सरळ जाणार असाल, तर वेगळी युक्ती. जपानी तिकिटाचे दोन भाग असतात, मूळ भाडं आणि वेगवान गाडीचा अधिभार. १०० किलोमीटरहून लांबच्या मूळ भाड्याच्या कागदी तिकिटावर वाटेत उतरता येतं, आणि अंतर जास्त तसं दर किलोमीटरचं भाडं उतरतं. टोकियो–हिरोशिमा हे एकच मूळ तिकीट काढून क्योटोला मुक्काम केला तर ते सहा दिवस चालतं, अधिभाराची तिकिटं तेवढी दोन काढायची. माणशी सुमारे तीन हजार येन वाचतात. हे ॲपवर जमत नाही. स्थानकातल्या तिकीट कार्यालयात कागदावर शहरं आणि तारखा लिहून दाखवा, काम होतं.

मुलांचं भाडं: ६ ते ११ वर्षं अर्धं. त्याहून लहान दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट, पण त्यांना सीट मिळत नाही. सीट हवी तर अर्धं तिकीट काढा.

आरक्षण साधारणपणे प्रवासाच्या एक महिना आधी, जपानात सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्याकडे साडेसहाला. टोकियो–क्योटो–हिरोशिमा मार्गाला स्मार्ट-ईएक्स ॲप सोपं. त्यावर त्याहूनही आधी बुकिंग करता येतं आणि साधं आरक्षण गाडी सुटेपर्यंत फुकट बदलता येतं. कानाझावाची गाडी मात्र त्या ॲपवर दिसणारच नाही. तिच्यासाठी जेआर ईस्ट किंवा जेआर वेस्टची वेबसाइट. तिथे पैसे भरले म्हणजे तिकीट हातात आलं असं नाही. ते बहुतेक वेळा स्थानकावरच्या यंत्रातून काढावं लागतं. कोणत्या कंपनीचं तिकीट कोणत्या स्थानकांवर निघतं ते बुकिंग करतानाच वाचा आणि ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड बरोबर ठेवा.

आपली कार्डं नाकारली जाण्याची नेहमीची दोन कारणं: बँकेच्या ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन व्यवहार बंद असतात, किंवा ओटीपी भारतातल्या सिमवर येतो आणि ते सिम कपाटात असतं. म्हणून मोठी तिकिटं घरूनच काढा. प्रवासात सिम फोनमध्ये राहू द्या आणि डेटासाठी ई-सिम घ्या. डेटा विमानतळावर उतरताक्षणी लागतो, कारण भारतीयांना मिळणाऱ्या जपानी ई-व्हिसाची सूचना फोनवर ऑनलाइनच दाखवावी लागते; स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ चालत नाही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे कानाझावा–क्योटोच्या वाटेवरचं, गाडी बदलायचं त्सुरुगा स्थानक. १६ मार्च २०२४ ला होकुरिकु शिनकानसेन (टोकियो–कानाझावा बुलेट ट्रेन) कानाझावाहून तिथपर्यंत वाढली, त्यामुळे पूर्वी कानाझावाहून थेट क्योटोला जाणारी थंडरबर्ड एक्सप्रेस आता त्सुरुगाहून सुटते. बुलेट ट्रेन वरच्या मजल्यावर थांबते, थंडरबर्ड तळमजल्यावर, आणि मध्ये बऱ्याचदा आठ-दहा मिनिटंच असतात. सरकते जिने भरपूर आहेत, पण गाडीभर माणसं एकदम उतरतात. दोन मोठ्या बॅगा आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मुद्दाम पुढची थंडरबर्ड धरा. ती पूर्ण आरक्षित असते, म्हणून दोन्ही टप्पे एकाच वेळी बुक करा.

बॅगांचा नियम टोकियो–ओसाका–हिरोशिमा–क्यूशू मार्गांवर कडक आहे. लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेली तर डब्याच्या शेवटच्या रांगेतली, मागे सामानाची जागा असलेली सीट आधी घ्यावी लागते. तिला जादा पैसे नाहीत. न घेता चढलात तर १,००० येन. २५० च्या वरची बॅग घेतच नाहीत. '२८ इंची' म्हणून विकली जाणारी बॅग चाकं आणि मूठ धरून १६० च्या आसपास भरते, कधी वरही. दुकानातल्या लेबलवर जाऊ नका, टेप लावा.

त्याहून बरं म्हणजे मोठ्या बॅगा कुरिअरने पुढे धाडणं. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर 'ताक्क्युबिन' म्हणा, क्योटोच्या हॉटेलचा पत्ता, बुकिंग ज्या नावावर आहे ते नाव आणि चेक-इनची तारीख लिहा. मोठ्या बॅगेला अडीच-तीन हजार येन धरा. पोचवण्याची तारीख तुमच्या मुक्कामाप्रमाणे पुढची मागता येते. मग कानाझावाला पाठीवरच्या सॅकवर जायचं आणि त्सुरुगाचं संकट आपोआप मिटतं.

टोकियो स्थानकात निळ्या पाट्या जेआर सेंट्रलच्या (क्योटोकडे), हिरव्या जेआर ईस्टच्या (कानाझावाकडे). फलाट शेजारी असले तरी दरवाजे वेगळे आहेत. गाडीच्या निदान अर्धा तास आधी स्थानकात या. स्थानक फार मोठं आहे, आणि खाणंही तिथेच घ्यायचं असतं, कारण नोझोमी-हिकारीतली खाद्यपदार्थांची ढकलगाडी ऑक्टोबर २०२३ अखेर बंद झाली.

शाकाहारींनी फलाटावरच्या सुबक डब्यांवर भरवसा ठेवू नये. भाज्यासुद्धा बहुधा माशाच्या 'दाशी'त, म्हणजे अर्कात, शिजवलेल्या असतात. टोकियो स्थानकात तिकीट लावून जाण्याच्या दरवाजांच्या आत 'टीज तानतान' हे पूर्ण शाकाहारी रामेनचं (रस्सेदार नूडल्सचं) दुकान आहे, पण तिथे रांग असते. गाडीत खायला आंबट उमेबोशी (खारवलेलं फळ) भरलेले ओनिगिरी (भाताचे गोळे), केळी, साधा पाव आणि घरचे ठेपले किंवा दशम्या उत्तम. बुलेट ट्रेनमध्ये डबा उघडून जेवणं जपान्यांनाही मान्य आहे. लोकलमध्ये मात्र काढू नका.