नदी-पावसाचा आकडा परदेशी पाठवताना

पणजीच्या जेटीवर रोज सकाळी आठला मांडवीची पातळी मोजा आणि दोन महिन्यांचा आलेख काढा. पंधरवड्यागणिक वरखाली होणारी सुबक लाट दिसेल. ती नदीची नव्हे, घड्याळाची. भरतीचं मुख्य चक्र 12 तास 25 मिनिटांचं, म्हणून रोजच्या आठच्या ठोक्याला भरती सुमारे पन्नास मिनिटं मागे सरकलेली असते, 14.77 दिवसांनी ती तोच टप्पा पुन्हा गाठते. आमास-पुनव पाहणारा इथला माणूस हे ओळखेल. लांब बसून नुसती फाइल उघडणारा त्यावर शोधनिबंध लिहील! भरतीचा जोर नदीच्या वरच्या अंगाला गांजे गावापर्यंत पोचतो, तेव्हा त्याच्या खालची पातळी निदान तासागणिक द्यावी, पंधरा मिनिटांची मिळाली तर उत्तमच.

पावसाची गंमत निराळी. आपल्याकडे "14 जुलैचा पाऊस" म्हणजे 13 च्या साडेआठपासून 14 च्या साडेआठपर्यंतचा. सकाळचे साडेआठ म्हणजे यूटीसीचे, जागतिक प्रमाणवेळेचे, पहाटे तीन. त्या चोवीस तासांतले एकवीस तास यूटीसीच्या 13 तारखेत पडतात. नुसती तारीख वाचून ज्यानं तो 14 ला बसवला, त्याचा पूर पावसाच्या आधी येतो. म्हणून वेळेपुढे +05:30 लिहायचंच, आणि आकडा त्या क्षणाचा, मागच्या तासांची सरासरी की मागच्या तासांची बेरीज, हेही. पाण्याच्या नोंदींची देवाणघेवाण करायच्या 2012 च्या वॉटरएमएल 2.0 या प्रमाण मांडणीत यासाठी वेगळी जागा आहे; सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या तक्त्यात, ती माहिती कुणाच्या तरी डोक्यातच राहते.

गेजचं, म्हणजे पातळी मोजायच्या पट्टीचं, शून्य समुद्रसपाटीपासून किती वर, हे एकदाच लिहायचं असतं. तेच नेमकं राहून जातं.

नोंद नसेल तिथे शून्य घालू नये. मे महिन्यात कोरड्या पडलेल्या ओहोळाचं शून्य खरं असतं. नोंद नसलेल्या जागी जर्मनीतल्या कोब्लेंट्झचं जागतिक प्रवाह केंद्र -999 वापरतं. तो खुणेचा आकडा आहे हे आधी सांगितलं नाही, तर कुणीतरी त्याचीही सरासरी काढतोच.

विसर्ग, म्हणजे नदीतून ठरावीक वेळात वाहून जाणारं पाणी, सहसा मोजलेला नसतो, पातळीवरून काढलेला असतो. पावसाळ्यात वाळू सरकली की पातळी-विसर्गाचा वक्र बदलतो आणि जुने आकडे दुरुस्त करावे लागतात. विसर्गाबरोबर मूळ पातळी आणि वक्राची तारीख पाठवली, तर पलीकडचा माणूस ते स्वतः पुन्हा काढू शकतो.