काटकोन कुठल्या बिंदूला?

स्मरणिकेसाठी चार ओळी लिही असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा आधी वाटलं आपलं तेच लिहावं, सहल, स्नेहसंमेलन, मधल्या सुट्टीतल्या चिंचा. पण ते बाकीचे लिहितीलच, आणि माझ्याकडे एक गोष्ट पस्तीसेक वर्षं पडून आहे ती इथे नाही लिहिली तर कुठे लिहिणार.

१९८९ ची दहावीची बॅच आमची. शाळेची शिस्त तुम्हाला माहीतच आहे, नखं वाढली की पट्टी, प्रार्थनेला उशीर झाला की ग्राउंडला फेऱ्या, केस कानावर आले की घरी परत. कॉपीचं मात्र वेगळं होतं, म्हणजे कॉपी वाईटच, पण कोणी केली यावर बरंच ठरायचं. मी पहिल्या पाचातला त्यामुळे माझ्यावर कधी कोणी नजरच ठेवली नाही.

प्रिलिमला भूमितीच्या पेपरात पायथागोरसचं प्रमेय येणार हे पक्कं होतं. मला पाठ होईना, समरूप त्रिकोणांचा क्रम सारखा उलटासुलटा व्हायचा. मग आदल्या रात्री कर्कटकाच्या टोकाने प्लास्टिकच्या गुन्यावर सगळं कोरलं, एबी वर्ग बरोबर एडी गुणिले एसी, त्याखाली बीसी वर्ग बरोबर डीसी गुणिले एसी. सरळ धरला तर गुन्या कोरा, खिडकीकडे तिरका केला की अक्षरं चमकायची. (खरं सांगतो, कोरण्यात दीड तास गेला, तेवढ्यात पाठ झालं असतं.)

प्रमेय आलं पण पेपरात त्रिकोण होता पीक्यूआर, काटकोन क्यू ला. मी आकृती बरोबर काढली, नावं पीक्यूआर दिली, पक्ष आणि साध्यही पीक्यूआरचंच लिहिलं, आणि सिद्धतेला आलो की गुन्या तिरका करून एबीसी उतरवत गेलो. मागच्या बाकावरचा माझा मित्र माझ्या खांद्यावरून बघत होता, त्याने तो गुन्याही बघितला होता. त्याने पण एबीसी.

पेपर वाटताना सरांनी दोघांना उभं केलं. "काटकोन क्यू ला आहे ना रे, मग हा बी कुठून आला?" वर्ग हसला. "कोणी कोणाचं बघितलं?" मी खाली बघत होतो. मित्र म्हणाला, "मी याचं बघितलं सर." एवढंच, गुन्याचं काही बोलला नाही. त्याला पाच छड्या, प्रमेयाला भोपळा आणि वडिलांची सही आणायला सांगितलं. माझे मार्क तसेच. "घाईत अक्षरं चुकली असतील, बोर्डात असं करू नकोस" म्हणाले सर.

सरांवर राग नाही, चांगलं शिकवायचे, पण हुशार मुलगा कॉपी करेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही आणि मी ते येऊ दिलं नाही. माझं तोंड उघडलं असतं तर मलाही पाच बसल्या असत्या, काय मोठं होणार होतं?

पुढे मार्चमध्ये बोर्डाचा नंबर तालुक्याच्या दुसऱ्या शाळेत आला, तिथे तर जत्राच. पाइपावरून चढून खिडकीतून चिठ्ठ्या आत टाकणारी पोरं, आणि भरारी पथकाची जीप आली रे आली की त्याच चिठ्ठ्यांचा मागच्या खिडकीतून पाऊस. बोर्डाच्या परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी १९८२ चा कायदा आहे हे मला फार नंतर कळलं, तेव्हा तो त्या पाइपावरच्या कोणाला माहीत असेल असं वाटत नाही. माझ्या मित्राच्या बाकावर कोणीतरी चिठ्ठी टाकली तर याने ती पर्यवेक्षकांना नेऊन दिली. पेपर सुटल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "आता परत वडिलांची सही कोण आणणार."

आता छडी राहिली नाही, २०१० पासून कायद्यानेच बंद आहे. मोबाईलवरून पेपर फुटायला लागले म्हणून आधी दहा मिनिटं पेपर हातात मिळायचा तोही २०२३ ला बंद केला आणि ती दहा मिनिटं शेवटी दिली, मुलीच्या परीक्षेला गेलो तेव्हा गेटवर हीच चर्चा. पोरांना काय, ती नवीन वाट शोधतातच.

मित्राचं हार्डवेअरचं दुकान आहे. मागच्या वर्षी गेट-टुगेदरला मी धीर करून त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की गुन्या माझा होता. तो हसायला लागला, खिशातून फोन काढला आणि माझा नंबर दाखवला. नावाच्या जागी लिहिलं होतं, 'गुन्या'. म्हणाला, "फोन घेतला तेव्हापासून हेच नाव आहे ल्या. तुला आता आठवलं होय?"