चिखलातली चाळीस मिनिटे

रविवार, रात्री

आजचा मार्ग जेमतेम अडीच-पावणेतीन किलोमीटरचा होता आणि रात्रभर झालेल्या पावसाने त्याचा निम्मा भाग मऊ करून ठेवला होता. ज्यांनी सायक्लोक्रॉस पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: गवत, चिखल, वाळू, चढउतार आणि मुद्दाम उभे केलेले अडथळे यांच्यातून आखलेल्या बंदिस्त मार्गावर सायकलने फेऱ्या मारायच्या, आणि जिथे सायकल चालवता येत नाही तिथे ती उचलून पळायचे. या शर्यतीत अंतर आधी ठरत नाही, वेळ ठरतो. आमच्या हौशी गटाला चाळीस मिनिटे मिळतात. सुरुवातीच्या फेऱ्यांना किती वेळ लागतो हे पाहून पंच एकूण फेऱ्या ठरवतात. मग उरलेल्या फेऱ्यांचा आकडा फलकावर दिसू लागतो आणि अखेरच्या फेरीला घंटा वाजते. सर्वांत पुढचा स्वार अंतिम रेषा ओलांडतो, त्यानंतर आपण त्या रेषेवर आलो की आपलीही शर्यत संपते, मग आपण त्याच्यापेक्षा एक फेरी मागे असलो काय किंवा दोन असलो काय.

हौशी शर्यतींमध्ये सर्रास पाळली जाणारी ही रीत मला या खेळातली सर्वांत उदार गोष्ट वाटते. व्यावसायिक पातळीवर नियम कठोर आहे: आघाडीच्या स्वाराला पहिल्या फेरीस जितका वेळ लागला, त्याच्या ८० टक्क्यांहून अधिक वेळाने जो मागे पडतो, त्याला शर्यतीतून बाहेर काढले जाते. तिथे ते योग्यही असेल, कारण मागे पडलेल्यांमुळे पुढच्यांच्या चुरशीत अडथळा येऊ नये. आमच्याकडे मात्र वेगवान स्वार मागून आला की तो शांतपणे कोणत्या बाजूने जाणार ते सांगतो, आपण थोडी वाट देतो, आणि दोघांचीही शर्यत चालू राहते. रस्त्यावरच्या शर्यतीत घोळक्यातून एकदा सुटलेल्या माणसाला एकट्याने वारा कापत राहावे लागते, आणि त्याची शर्यत तिथेच संपल्यासारखी होते. इथे वेग कमी असल्याने दुसऱ्याच्या आडोशाचा फायदा थोडाच मिळतो आणि मार्ग इतका वळणावळणांचा असतो की कुणी ना कुणी सतत दृष्टीच्या टप्प्यात असते. त्यामुळे गुणतक्त्याच्या तळाशी असलेल्यांमध्येही खरीखुरी झुंज होते.

आज माझी झुंज निळ्या जर्सीतल्या एका बाईंशी होती. आमची कसलीही ओळख नाही. चढावर त्या पुढे जात होत्या, तिरक्या उतारावर मी त्यांना गाठत होते. तिरका उतार म्हणजे टेकडीच्या कुशीतून आडवा जाणारा पट्टा; जमीन एका बाजूला कललेली, गवत ओले, आणि दोन्ही चाके सतत खाली घसरू पाहत असलेली. तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटलेच म्हणून समजावे. पट्ट्यात शिरताना शक्य तितके वरून शिरायचे, उताराच्या बाजूच्या पेडलवर वजन द्यायचे, आणि नजर चाकासमोर न ठेवता पट्टा जिथे संपतो तिथे लावायची. नजर खाली गेली की सायकलही खाली जाते; याचे कारण मला नेमके सांगता येणार नाही, पण दर वेळी तसे घडते खरे. शेवटच्या फेरीत त्या माझ्यापुढे काही हातांवर होत्या, आणि अंतिम सरळ भागात मी जितके पेडल मारू शकत होते तितके मारूनही त्यांना गाठू शकले नाही. रेषेपलीकडे आम्ही दोघी हँडलवर वाकून धापा टाकत होतो, आणि श्वास परत आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “तुम्ही त्या तिरक्या पट्ट्यावर ब्रेक अजिबात लावत नव्हता का?” आम्ही पुढे बराच वेळ त्या एका पट्ट्याविषयीच बोलत उभ्या होतो.

सोमवार

खांदा दुखतो आहे. सायकलची नळी जिथे टेकते नेमका तिथेच. सायकल काल नुसतीच पाण्याने धुतली होती, आज नीट साफ केली. पाण्याचा जोरदार फवारा चाकांच्या आणि पेडलच्या बेअरिंगवर थेट मारला तर आतले ग्रीस धुऊन निघते आणि चिखलाचे बारीक कण आत शिरतात, म्हणून तिथे ब्रश आणि संथ पाणी एवढेच वापरते. ब्रेकपॅड पाहिले. चिखलातल्या एका शर्यतीत ते जितके झिजतात तितके कोरड्या रस्त्यावर कित्येक आठवड्यांत झिजत नाहीत.

बुधवार

आज कामाच्या ठिकाणी एका सहकाऱ्याने मनापासून विचारले, “जिंकण्याची शक्यता नाही हे ठाऊक असताना शर्यतीत नाव का नोंदवता? नुसती सायकल चालवली तर नाही का चालणार?” प्रश्न रास्त होता आणि मी दिलेले उत्तर तोकडे होते, म्हणून ते इथे नीट लिहून ठेवते.

मौजेसाठी भाग घेते म्हटले की लोकांना वाटते, मी आरामात फेरफटका मारत असेन. प्रत्यक्षात त्या चाळीस मिनिटांत मी जितकी दमते तितकी एरवी कशानेही दमत नाही. सुरुवातीची शिटी वाजल्यापासून हृदयाचे ठोके वर जातात आणि शेवटपर्यंत खाली येत नाहीत, कारण विसाव्याला जागाच नसते: उतारावर पाय मोकळे होतात तोवर वळण येते, वळणातून बाहेर पडताच पुन्हा शून्यापासून वेग घ्यावा लागतो, आणि तो मिळतो न मिळतो तोच अडथळा येतो. एकटी सायकल चालवताना मी इतका जोर कधीच लावू शकले नसते. समोर कुणीतरी आहे, मागून कुणीतरी येते आहे, आणि मधली जागा राखायची आहे, एवढ्या कारणाने शरीर आपल्याला माहीत नसलेले काहीतरी देऊ लागते. माझी मौज त्या देण्यात आहे. ती मिळवण्यासाठी पहिला क्रमांक लागत नाही, पण शर्यत मात्र लागते, आणि अर्धवट जोर लावून ती मिळत नाही हेही मी ठामपणे सांगू शकते.

दुसरे कारण कौशल्याचे आहे. अडथळ्यांचेच उदाहरण घ्यायचे तर मार्गावर दोन फळ्या आडव्या उभ्या असतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यांची उंची जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर आणि दोन्हींमधले अंतर ४ मीटर असते. तिथवर पोहोचण्याआधी उजवा पाय मागून फिरवून डाव्या बाजूला आणायचा, काही क्षण एकाच पेडलवर उभे राहायचे, डावा पाय पेडलमधून सोडवताच पळू लागायचे, सायकल वरच्या नळीला धरून उचलायची, दोन्ही फळ्या ओलांडायच्या, सायकल न आपटता खाली ठेवायची आणि पळता पळताच मांडीच्या आतल्या बाजूवर सीटवर उडी घ्यायची. हे सारे जमले तर वेग जवळजवळ मोडत नाही. बेल्जियमचा स्वेन नेस हा २००५ आणि २०१३ चा जगज्जेता. तो बीएमएक्स, म्हणजे लहान चाकांच्या सायकलींवर उड्या घेत होणाऱ्या शर्यतींमधून आलेला असल्याने सायकलवरून न उतरता फळ्यांवरून उडी मारत असे, आणि आज आघाडीच्या अनेक स्वारांना ते जमते. मला ते येत नाही आणि त्याची मला फारशी ओढही नाही. उतरणे, धावणे आणि पुन्हा चढणे यांची एक सलग लय आहे, ती साधण्यातच मला रस आहे. पुन्हा चढताना सीटवर उडी घेण्याआधी एक लहानसे अडखळते पाऊल पडते. ते घालवण्यासाठी मी दर आठवड्याला गवतावर सराव करते, आधी चालत, मग हळू पळत, मग शर्यतीच्या वेगाने.

तिसरे कारण इतिहासाचे, आणि ते मी सहकाऱ्याला सांगितलेच नाही. हा खेळ मुळात रस्त्यावरच्या सायकलपटूंनी हिवाळ्यात शरीर तयार ठेवण्यासाठी सुरू केला. शेतांतून, कुंपणांवरून, नाल्यांतून जवळच्या वाटेने पुढच्या गावी आधी कोण पोहोचते अशा पैजा लागत, आणि सायकल खांद्यावर घेऊन पळण्याने थंडीत पाय गरम राहत, असे सांगितले जाते. फ्रान्समधील पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९०२ मध्ये भरवण्याचे श्रेय दानिएल गुसो या सैनिकाला देतात. ऑक्ताव्ह लापीझने १९१० ची तूर द फ्रान्स ही रस्त्यावरची प्रसिद्ध सायकल शर्यत जिंकल्यावर आपल्या यशाचा काही वाटा या हिवाळी सरावाला दिला आणि खेळाचे नाव सर्वदूर गेले. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला झाली. ती जाँ रोबिकने जिंकली, ज्याने १९४७ ची तूरही जिंकली होती. म्हणजे या खेळाच्या मुळाशीच ऋतू पालटेपर्यंत अंग हलते ठेवावे, मित्रांशी चुरस करावी आणि चिखलाने माखून घरी यावे, ही हौस आहे. आम्ही हौशी लोक त्या मुळाच्या फार जवळ आहोत, असे मला वाटते.

त्याच इतिहासातली एक गोष्ट मात्र मला बोचते. स्त्रियांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू व्हायला २००० साल उजाडावे लागले, पुरुषांच्या पहिल्या स्पर्धेनंतर तब्बल पन्नास वर्षे. नेदरलँड्समधील सिंट-मिखिल्सखेस्टेल येथे झालेली ती पहिली स्पर्धा जर्मनीच्या हांका कुप्फरनागेलने जिंकली. पुढे नेदरलँड्सच्या मारियान व्होसने २००६ ते २०२२ या काळात आठ वेळा हे पद मिळवले. पुरुषांमध्ये बेल्जियमच्या एरिक डी व्हलामिंकने १९६६ ते १९७३ दरम्यान सात अजिंक्यपदे मिळवली होती, आणि नेदरलँड्सच्या मात्यू व्हान डर पूलने २०२५ मध्ये त्या साताची बरोबरी केली. त्या बरोबरीची चर्चा रंगली तेव्हा व्होसचा आठचा आकडा किती जणांना आठवला, हा प्रश्न मला पडला होता. आमच्या शर्यतीत निळ्या जर्सीतल्या बाईंच्या पाठीमागे जिवाच्या आकांताने पेडल मारताना ही पन्नास वर्षे मनात येत नाहीत, पण नंतर कधीतरी येतात.

शनिवार

उद्याच्या मार्गावर वाळूचा लांब पट्टा आहे. आज दुपारी मार्ग पाहण्याची परवानगी होती, म्हणून आधी पायी एक चक्कर मारली आणि नंतर सायकलवर. पायी फिरणे मला आवश्यक वाटते. सायकलवरून न दिसणाऱ्या मुळ्या, दगड आणि वळणाच्या आतल्या बाजूची घट्ट जमीन पायांना कळते.

बाकी सारा विचार टायरमधल्या हवेचा. आंतरराष्ट्रीय नियम टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपर्यंत मर्यादित ठेवतात. हौशी शर्यतींत बहुतेक ठिकाणी याबाबत सूट असते आणि कित्येकजण माउंटन बाइक घेऊनही येतात. मी ३३ चेच ट्यूबलेस टायर वापरते. रस्त्यावरच्या सायकलच्या मानाने यात हवा फार कमी भरतात, कारण मऊ टायर जमिनीवर पसरतो आणि पकड धरतो. पण ती आणखी कमी झाली तर टायर वळणात रिमवरून सुटू शकतो किंवा रिम थेट मुळीवर आपटते. माझ्या वजनाला ओल्या मार्गावर २२ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) आसपास ठीक पडते. वाळूसाठी त्याहूनही थोडी खाली जावे असे वाटते, पण मार्गाच्या दुसऱ्या टोकाला दगडी पायवाट आहे. दोन्हींना पुरेल असा मध्य शोधण्यात दुपार गेली आणि ती मला अजिबात वाया गेल्यासारखी वाटली नाही. शेवटी २१ वर थांबले.

रविवार, संध्याकाळ

वाळूत चाक आपल्या मनाने चालते. पुढच्यांनी पाडलेल्या खाचेत शिरायचे, वजन मागे ठेवायचे, हँडल घट्ट न धरता त्याला थोडे डोलू द्यायचे आणि पेडल एकदाही थांबवायचे नाही. थांबलात की रुतलात. बेल्जियमच्या कोक्साइडच्या टेकाडांवरच्या शर्यती पाहताना मोठमोठे स्वारही तिथे उतरून पळताना दिसतात, तेव्हा कुठवर चालवायचे आणि कुठे उतरायचे हा ज्याचा त्याचा हिशेब असतो. पहिल्या दोन फेऱ्यांत मी पट्ट्याच्या मध्यावर रुतण्याआधीच उतरून पळाले. तिसऱ्या फेरीत खाच खोल आणि टणक झाली होती, आणि मी टोकापर्यंत चालवत गेले. कडेला उभ्या असलेल्या लोकांनी हातातल्या घंटा अशा काही वाजवल्या की क्षणभर मला वाटले, मागून आघाडीचा स्वार येतो आहे. वळून पाहिले तर मागे कुणीही नव्हते.

निळ्या जर्सीतल्या बाई आज खूप पुढे होत्या. वाळूत त्यांना धावण्याचा फायदा मिळाला. माझी आजची चुरस पांढऱ्या दाढीच्या एका गृहस्थांशी झाली. ते वेगळ्या वयोगटात असल्याने आमचे क्रमांक एका तक्त्यात येणारही नव्हते, तरी दगडी पायवाटेवर आम्ही एकमेकांना तसूभर सोडले नाही. एका वळणावर त्यांनी आतली जागा घेतली, पुढच्याच वळणावर मी ती परत घेतली. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा ते ओरडले, “आता सोडायचे नाही हं!” आणि ते मला म्हणाले की स्वतःला, हे कळण्याआधीच आम्ही दोघेही उभे राहून पेडल मारू लागलो होतो. अडथळ्यांपाशी माझी उडी एकदाची अडखळल्याशिवाय बसली आणि तेवढ्या फरकाने मी त्यांच्यापुढे रेषा ओलांडली. त्यांनी हात पुढे केला आणि लगेच विचारले की हवा किती ठेवली होती. मी २१ म्हणाले. ते १९ वर होते, आणि पायवाटेवर त्यांची रिम प्रत्येक फेरीत आपटत होती म्हणे. पुढच्या शर्यतीच्या मार्गावर दगड नाहीत. तिथे आम्ही दोघेही १९ ने सुरुवात करणार आहोत.