तुम्ही विचारलंत म्हणून: ती जादू खरी की मनाची?

माझ्या कादंबरीची नायिका शिशाच्या पत्र्यांवर वशीकरणाचे मंत्र कोरून देते आणि त्यावर पोट भरते. नगरी काल्पनिक, किनारा रोमन आफ्रिकेसारखा. वाचक भेटले की प्रश्न ठरलेला: हे सगळं तुम्ही मनानं रचलंत का?

मनानं रचलं ते प्रेम. जादू जवळजवळ सगळी उचललेली आहे.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेली मातीची एक छोटी बाहुली आहे. विवस्त्र बाई, पाय मुडपलेले, हात पाठीमागे बांधलेले, अंगात 13 सुया. टाळूत, डोळ्यांत, कानांत, तोंडात, थेट तळपायांपर्यंत. ती एका मडक्यात होती, सोबत शिशाचा कोरलेला पत्रा. पत्र्यावर सारापाम्मोन नावाचा माणूस एका मृतात्म्याला विनवतोय की टोलेमाइस नावाच्या बाईला खाऊ देऊ नकोस, पिऊ देऊ नकोस, केसांना धरून फरफटत माझ्याकडे आण. नेम चुकू नये म्हणून दोघांच्या आयांची नावंही दिलीत. इजिप्तमधल्याच एका जुन्या मंत्रपोथीत ही कृती जवळपास तशीच मिळते: सुया 13च, कुठली कुठे टोचायची आणि टोचताना काय पुटपुटायचं, सगळं क्रमवार.

प्रेमाची जादू म्हटल्यावर गुलाबपाणी आणि चांदणं ज्यांना आठवतं, त्यांनी हे एकदा वाचावं. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या बाबा-बंगालींच्या जाहिरातींचं गिऱ्हाईकही हेच: समोरच्याची मर्जी विचारायची नाही, पण माणूस मात्र हवा.

आणि आरोप झाला तर? अपुलेयसचं पाहा. आजच्या अल्जीरियातल्या मदौरोसचा हा लेखक. क्युपिड आणि सायकीची, म्हणजे अदृश्य नवऱ्याच्या प्रेमात पडणाऱ्या राजकन्येची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती त्याच्यामुळे. माझ्यासारख्यांचा तो मूळपुरुषच. त्यानं पुदेन्तिला नावाच्या श्रीमंत, वयानं मोठ्या विधवेशी लग्न केलं आणि तिच्या पहिल्या सासरच्यांनी त्याला जादूटोण्याच्या आरोपाखाली कोर्टात खेचलं. साल इ.स. 158-59, गाव आजच्या लिबियातलं साब्राथा. पुरावे काय, तर हा चित्रविचित्र मासे विकत घेतो, आरसा बाळगतो, दंतमंजनावर कविता करतो! शिवाय पुदेन्तिलाच्या पत्रातली एक ओळ: अपुलेयस जादूगार आहे, त्यानं मला भुरळ घातली. त्यानं मागचंपुढचं सगळं वाचायला लावलं. बाईनं विरोधकांची टर उडवण्यासाठी त्यांचंच बोलणं लिहिलं होतं. पुढे कार्थेजमध्ये त्याला मानसन्मान मिळाले, तेव्हा सुटला असणार.

मला त्याच्यापेक्षा पुदेन्तिला जास्त आवडते. आपल्या मर्जीनं लग्न करणारी बाई शुद्धीवर असूच शकत नाही, हे गृहीत धरणाऱ्यांची तिनं एका वाक्यात खिल्ली उडवली. नायिकेची जीभ मी तिथून घेतली.

आता तो प्रसंग, ज्यावरून सगळ्यात जास्त वाद होतो. एक देखणा, हळवा गिऱ्हाईक मंत्र कोरून घ्यायला येतो. ती सवयीनं विचारते, मुलीच्या आईचं नाव? तो तिच्याच आईचं नाव सांगतो. कित्येकांना इथे गहिवरून येतं आणि तिनं त्याला हाकलला म्हणून ते माझ्यावर रुसतात. पण तो नायक नव्हेच. नायक बऱ्याच उशिरा येतो. पाण्याचे नळ ओतणारा कारागीर आहे, तिला शिसं विकतो, उधारी चोख वसूल करतो आणि मंत्रांवर त्याचा काडीचाही विश्वास नाही.