तुम्ही विचारलंत म्हणून: दोन-दोन फायरवॉल कशाला?

लिनक्स शिकायला येणारी मुलं असोत की सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे सिस्टिमवाले, मला प्रश्न ठरलेला असतो: "सर, लिबव्हर्टमध्ये आयपीटेबल्स पण आहे आणि एनएफटेबल्स पण. जुनं काढून एकच का ठेवत नाहीत?" लिबव्हर्ट म्हणजे एका मशीनच्या पोटात व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारं, त्यांचं नेटवर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर. आयपीटेबल्स आणि एनएफटेबल्स ही लिनक्सची जुनी आणि नवी फायरवॉल: नेटवर्कवरचं कुठलं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, सोडायचं आणि कुठलं अडवायचं हे त्यांचे नियम ठरवतात.

जुनं गेलंय कुठे? एनएफटेबल्स २०१४ साली लिनक्सच्या गाभ्याबरोबर, म्हणजे ३.१३ कर्नलबरोबर आलं. लिबव्हर्टच्या व्हर्च्युअल नेटवर्कला ते वापरता यायला २०२४ उजाडलं, १०.४ आवृत्ती. तोवर आयपीटेबल्सच्या भरवशावर सगळ्यांच्या स्क्रिप्ट लिहून झाल्या होत्या. कारखान्यातली टॅलीची विंडोज व्हीएम एकदा सुरळीत झाली की शेठ म्हणतात, "चालतंय की! कशाला हात लावताय?" त्यांचं काही चुकत नाही.

मुलांना वाटतं, तोच नियम दोन तऱ्हेने लिहायचा, झालं. तेवढं तर कुणीही करेल. खरी मेख पॅकेट सोडून देणाऱ्या 'अ‍ॅक्सेप्ट'मध्ये आहे. आयपीटेबल्सच्या जमान्यात लिबव्हर्ट आपले नियम सामायिक फॉरवर्ड चेनच्या (मशीनमधून पुढे जाणाऱ्या पॅकेट्सच्या नियमांच्या यादीच्या) डोक्यावर बसवायचं, त्यामुळे तिथे अ‍ॅक्सेप्ट झालेलं पॅकेट त्या चेनमधून सुटलं. एनएफटेबल्समध्ये लिबव्हर्टचं टेबल वेगळं, आणि तिथलं अ‍ॅक्सेप्ट त्या चेनपुरतंच. एका गेटवर पास चालला, तरी पुढच्या गेटचा वॉचमन हाकलू शकतो. ड्रॉप, म्हणजे पॅकेट फेकून देणं, मात्र कुणीही केला तरी अखेरचा. म्हणून त्याच मशीनवर डॉकर (अ‍ॅप कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) आलं, त्याने फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप केली, म्हणजे ज्याला नियम नाही ते पॅकेट फेकायचं ठरवलं, की व्हीएमचं इंटरनेट गप्प. लिबव्हर्टचे नियम पाहावेत तर सगळे जागच्या जागी! माझ्याकडे येणारे निम्मे फोन याचेच.

दुसरी भानगड डीएचसीपीची, म्हणजे मशीनला आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सोयीची. व्हर्च्युअल नेटवर्कवर पॅकेटचा चेकसम (डेटा शाबूत आहे का हे तपासायचा आकडा) अर्धवटच राहतो आणि जुन्या गेस्टमधला, म्हणजे व्हीएममधला, डीएचसीपी क्लायंट असं पॅकेट फेकून देतो. आयपीटेबल्सकडे चेकसम भरायची सोय होती, एनएफटेबल्सकडे नाही. शेवटी ते काम टीसीवर, म्हणजे लिनक्सच्या ट्रॅफिक कंट्रोलच्या हत्यारावर, सोपवावं लागलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र कुणी विचारतच नाही. नियम लावतानाच ते काढायच्या कमांडही लिबव्हर्ट नेटवर्कच्या स्टेटस फाइलमध्ये लिहून ठेवतं. त्यामुळे बॅकएंड (आयपीटेबल्स की एनएफटेबल्स) बदलून सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी जुने नियम जुन्याच हत्याराने निघतात आणि मग नवे लागतात. मागे कचरा राहत नाही. दोन बॅकएंड सांभाळायचे तर इतकी शिस्त हवीच.

माझं विचाराल तर, डॉकर शेजारी असेल तिथे मी लिबव्हर्टच्या नेटवर्क डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये सरळ आयपीटेबल्स लिहितो, त्यात कसली लाज? इतर ठिकाणी ती ओळ कोरी सोडतो. मग लिबव्हर्ट मशीनवर जे सापडेल ते घेतं, सहसा आधी एनएफटेबल्स. नाव लिहायचं असेल, तर ते हत्यार मशीनवर आहे ना, एवढं आधी बघा. नसेल तर लिबव्हर्ट गुपचूप दुसरं उचलत नाही, सरळ एरर देतं.