ऑइलच्या झाकणाखालचा पांढरा लगदा

जुलैतल्या एका रविवारी यवतेश्वरचा घाट चढताना गाडीत जळकट वास यायला लागला. आधी वाटलं, क्लच. कडेला घेऊन बॉनेट उघडलं तर ऑइल भरायच्या तोंडाभोवती काळं, ओलं कडं दिसलं. तिथूनच एक ओघळ टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरून, खाली गरम एक्झॉस्टकडे गेला होता. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या सळईवर, ऑइल दोन्ही खुणांच्या मध्ये होतं, म्हणून तशीच सावकाश साताऱ्यात उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, झाकण काढायला घेतलं. आधी आजूबाजूची माती फडक्यानं नीट पुसली. त्या तोंडातून आत गेलेला खडा थेट इंजिनात जातो, म्हणून ही दोन मिनिटं कधीच वाचवायची नाहीत. झाकण उलटं केलं आणि पोटात गोळा आला. आतून लोण्यासारखा पिवळट-पांढरा लगदा चिकटलेला. शेजारचे काका बघताक्षणी म्हणाले, "हेड गॅस्केट गेलं. इंजिन खोलावं लागणार." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनात ऑइल आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, वेगळं ठेवणारा पत्रा. तो गेला की कूलंट ऑइलमध्ये मिसळून असाच लगदा होतो.

रात्री झोप लागली नाही. दहा वर्षं सांभाळलेली गाडी आहे, वडिलांनी घेऊन दिलेली.

गॅरेजला फोन करण्याआधी स्वतः तीन गोष्टी बघितल्या. कूलंटच्या टाकीवर मे महिन्यात मार्करनं रेघ मारून ठेवली होती, पाणी त्याच रेघेवर होतं. डिपस्टिकवरचं ऑइल तपकिरी, स्वच्छ, कुठेही दुधाळ नाही. इंजिन तापल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूरही नाही. कूलंट ऑइलमध्ये मिसळत असतं तर यातलं काहीतरी बिघडलेलं दिसलंच असतं.

मेस्त्रींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, गाडी रोज किती चालते?" मी म्हटलं, घर ते शाळा, दोन किलोमीटर. ते म्हणाले, मग बरोबर आहे. एवढ्या अंतरात इंजिन पुरतं तापतच नाही. पेट्रोल जळताना तयार झालेली वाफ आत राहते, सगळ्यात थंड जागा म्हणजे हे झाकण, तिथं तिचं पाणी होतं आणि ऑइलमध्ये घुसळून असा लगदा बनतो. पावसाळ्यात तर जास्तच.

तरी त्यांनी इंजिन चालू ठेवून झाकण नुसतं उलटं तोंडावर ठेवलं. आतल्या गॅसचा दाब जास्त असेल तर ते उडायला लागतं. आमचं किंचित थरथरलं, जागेवरून हललं नाही. आतला गॅस बाहेर जाऊ देणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला, तो टकटक वाजला, म्हणजे मोकळा.

मग गळती कशामुळे? झाकणाची रबरी रिंग त्यांनी टोकदार हूकनं उचकटून माझ्या हातावर ठेवली. गोल असायला हवी ती एका बाजूनं सपाट झाली होती. नखानं दाबली तर खूणही उमटली नाही, आणि वाकवताच बारीक भेगा उघडल्या. उष्णतेनं रबर कडक होतं आणि मग कितीही घट्ट फिरवलं तरी झाकण बसत नाही. मी सिलंट, म्हणजे फट बुजवायची पेस्ट, लावू का विचारलं, तर त्यांनी ठाम नकार दिला: सुटलेला तुकडा आत पडला तर ऑइलची वाट अडवतो.

नुसती रिंग मिळते, पण आमच्या झाकणाचे आतले कान, म्हणजे तोंडात अडकणारे दात, तेही झिजले होते. पोवई नाक्यावरच्या दुकानात जुनं झाकण सोबत नेलं, नवं त्याच्या शेजारी धरून कान, व्यास, उंची जुळवून घेतलं. सारखी दिसणारी पण न जुळणारी दोन झाकणं त्या दुकानातच मी बाजूला ठेवली. घरी येऊन तोंडाची कड पुसली, नव्या रिंगला बोटानं थोडं ऑइल लावलं आणि हातानंच, थांबेपर्यंत फिरवलं. पान्याची गरज नसते. जुना ओघळही पुसून काढला, नाहीतर नवी गळती कळणार कशी?

पुढच्या शनिवारी पुण्याला जाऊन आले. येताना खंबाटकी घाट चढताना काचा खाली करून सगळं लक्ष वासाकडेच होतं. फक्त ओल्या मातीचा वास होता. घरी झाकण उघडलं तेव्हा आतून स्वच्छ, बाहेरून कोरडं. आता शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला अर्धा तास पळवून आणते.