काउंटरवरचा कागद

29 जून 2020, सोमवार. लेस्टरमध्ये जूनअखेरीस रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणं उरकली तरी दिवस संपल्यासारखा वाटत नाही. नवऱ्याने टीव्ही लावला तर आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक संसदेत उभे राहून आमच्या शहराबद्दल बोलत होते. कोरोनामुळे जीवनावश्यक नसलेली दुकानं उद्यापासून बंद. गुरुवारपासून बहुतेक मुलांच्या शाळा बंद. उरलेल्या इंग्लंडात येत्या शनिवारी, 4 जुलैला, पब आणि सलून उघडणार होते. आमच्याकडे नाही.

"आमच्याकडे" म्हणजे नेमकं कुठवर, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. लेस्टर शहर आणि लगतचा भाग, उदाहरणार्थ ओडबी, बर्स्टल, ग्लेनफिल्ड, एवढंच. त्या "उदाहरणार्थ"वर आमची रात्र गेली. नवऱ्याचा मित्र शहराच्या कडेला राहतो, त्याचे दहा मिनिटांत चार फोन आले. मी आत की बाहेर? बायको ज्या दुकानात काम करते ते आत की बाहेर? हद्दीचा नकाशा दुसऱ्या दिवशी आला, तोही जिल्ह्याच्या, म्हणजे काउंटी कौन्सिलकडून. तोवर दुकानं बंद झाली होती.

मी इथे एका फार्मसीत काम करते, तिकडे महाराष्ट्रात आपण ज्याला मेडिकल म्हणतो तिथे. साथीच्या काळात आमचं दुकान एक दिवसही बंद नव्हतं. मार्चमध्येच मी काउंटरच्या काचेवर एक कागद चिकटवायला सुरुवात केली होती. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला पंतप्रधानांच्या निवासस्थानातून पत्रकार परिषद व्हायची, ती ऐकायची, आणि सकाळी दुकान उघडताना "आज काय चालतं, काय चालत नाही" हे इंग्रजी, गुजराती आणि हिंदीत चार ओळींत लिहून लावायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या वयस्कर मंडळींना इंग्रजी भाषणं समजत नाहीत, आणि ज्यांना समजतात त्यांनाही गोळ्यांची पिशवी हातात घेतल्यावर एकच विचारायचं असतं, की मी मुलीकडे जाऊ शकते का?

30 जूनच्या सकाळी मी कागदावर तारीख लिहिली आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. आठ वाजता दारात रांग होती. पहिल्याच एक गुजराती बा होत्या, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या. काचेतून कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बेटा, हवे शुं?" आता काय? मी म्हटलं, "बा, आज घरीच राहा, उद्या सांगते." त्यांनी मान हलवली आणि गेल्या. मी उद्या सांगेन यावर त्यांचा विश्वास होता. तो मी कशाच्या जोरावर घेतला, हे मला आजही टोचतं.

पुढे इथले लोक सरकारवर चिडले. तिकडच्या वाचकांना वाटेल की इंग्रज लोकांना निर्बंध सोसत नाहीत म्हणून ते चिडले. मी जे पाहिलं ते तसं नव्हतं. 23 मार्चला रात्री साडेआठला बोरिस जॉन्सन टीव्हीवर आले आणि घरी राहा म्हणाले, तेव्हा लोक घरी राहिले. "घरी राहा, एनएचएसला वाचवा, जीव वाचवा" हे तीन तुकडे (एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा) माझ्या कागदावर एका मिनिटात लिहून झाले होते. पुढचे सात आठवडे मला त्यात फारसा बदल करावा लागला नाही. लोक अवघडलेले होते, घाबरलेले होते, पण चिडलेले नव्हते.

गडबड 10 मेच्या रविवारी सुरू झाली. त्या भाषणात "घरी राहा" गेलं आणि "सतर्क राहा" आलं. सतर्क राहा म्हणजे काय करा? विषाणू दिसत नाही, मग सतर्क कशाबद्दल व्हायचं? मी गुजराती शब्द शोधत बसले. "सावध रहो" लिहिलं आणि खोडलं, कारण त्यातून कुठलीच कृती निघत नव्हती. ज्यांना घरून काम जमत नाही त्यांनी कामावर जावं, असं रविवारी रात्री सांगितलं, आणि सोमवारी सकाळी परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब म्हणाले की ते बुधवारपासून. या मधल्या तासांत कारखान्यात, गोदामात काम करणारे किती जण पहाटे बस पकडून निघाले असतील. आईवडिलांना भेटायचं तर दोघांना एकदम की एकेकाला, यावरही त्याच दिवशी वेगवेगळी उत्तरं आली. आणि हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं. स्कॉटलंडमध्ये तिथल्या सरकारच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांनी "घरी राहा" सोडलं नाही, वेल्स आणि उत्तर आयर्लंडनेही नाही. टीव्ही मात्र सगळ्यांचा एकच. माझी एक मैत्रीण ग्लासगोला असते. ती म्हणाली, "भाषण अर्ध्यावर आल्यावर कळलं की हे माझ्यासाठी नाहीये."

आई पुण्याहून रोज फोन करायची. आमच्या लॉकडाऊनच्या दुसऱ्याच दिवशी, 24 मार्चला, तिकडे रात्री आठच्या भाषणात मध्यरात्रीपासून सगळा देश बंद झाला होता, म्हणजे हातात चारच तास. त्या चार तासांनंतर रस्त्याने पायी गावाकडे निघालेले लोक आपण सगळ्यांनी पाहिले. त्यामुळे मी आईपुढे इंग्लंडच्या तक्रारी करायला लाजायचे. तीच एकदा म्हणाली, "अगं, उद्धव ठाकरे फेसबुकवर बोलतात तेव्हा मी शेवटपर्यंत ऐकते. काय बंद होणार ते कडूच असतं, पण बोलतात घरातल्या माणसासारखे." आईचा राजकारणाशी काही संबंध नाही. तिने जे टिपलं ते मला पटलं. नियम कडक असला तरी माणूस ऐकून घेतो, फक्त तो आपल्याला उद्देशून बोलला जायला हवा.

लेस्टरमध्ये नेमकं तेच झालं नाही. आकड्यांचीच गोष्ट घ्या. दवाखान्यातल्या प्रयोगशाळांतल्या चाचण्यांचे आकडे शहराला मिळत होते, आणि त्यांत लेस्टर फारसं वाईट दिसत नव्हतं. पण गाडीतून जाऊन करायच्या चाचण्या आणि घरपोच येणाऱ्या किट्सच्या चाचण्या वेगळ्या यंत्रणेकडे होत्या. त्यांचा गल्लीनिहाय तपशील शहराच्या आरोग्य विभागाला जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मिळाला नव्हता. बहुतेक रुग्ण सापडत होते ते त्याच चाचण्यांत. महापौर सर पीटर सोल्सबी हे उघडपणे सांगत होते. शेवटी संसदेत आकडा आला तो असा: सात दिवसांत दर लाखामागे 135, म्हणजे त्याखालोखालच्या शहराच्या तिप्पट. आदल्या आठवड्यात देशात सापडलेल्या रुग्णांतला दहावा हिस्सा एकट्या लेस्टरचा. हा आकडा ऐकून मी हादरले. आमच्या दुकानात रोज शंभर माणसं येत होती. साथ आपल्या गल्लीत आहे हे आम्हाला तीन आठवडे आधी कळलं असतं, तर मी त्या बांना आत येऊच दिलं नसतं, गोळ्या घरी पोचवल्या असत्या.

माहितीच्या जागी मग अफवा येऊन बसल्या. कुणी कपड्यांच्या कारखान्यांकडे बोट दाखवलं, कुणी मशिदीकडे, कुणी एकत्र राहणाऱ्या आशियाई कुटुंबांकडे. कारखान्यांतली वाईट परिस्थिती खरी होती, लहान घरांत तीन पिढ्या राहतात हेही खरं. पण ते समजावून सांगणं वेगळं आणि बोट दाखवणं वेगळं. त्या आठवड्यात बाहेरगावचे एक गृहस्थ औषध न्यायला थांबले आणि मला म्हणाले, "तुमच्या लोकांमुळे." मी त्यांना औषध दिलं, कसं घ्यायचं ते सांगितलं, आणि मागच्या खोलीत जाऊन रडले.

महिनाभराने, 30 जुलैला, ग्रेटर मँचेस्टर, पूर्व लँकशर आणि पश्चिम यॉर्कशरमधल्या लोकांना रात्री नऊ वाजून गेल्यावर ट्विटरवरून कळलं की मध्यरात्रीपासून दुसऱ्या कुटुंबाच्या घरी जायचं नाही. दुसऱ्या दिवशी बकरी ईद होती. स्वयंपाक चढलेले होते. आमच्याकडच्या एक बांगलादेशी बाई म्हणाल्या, "ताई, ईद महिन्यांपूर्वी कॅलेंडरवर असते." मला दिवाळीच्या आदल्या रात्री असा निरोप आला असता तर कसं वाटलं असतं, याचा विचार करत मी त्या दिवशी घरी गेले. पुढे दिवाळीही तशीच गेली. 14 नोव्हेंबरला देशभर दुसरा लॉकडाऊन होता. दरवर्षी माणसांनी फुलून जाणाऱ्या बेलग्रेव्ह रोडवर पणत्या फक्त खिडक्यांत होत्या.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली, तीही एका गिऱ्हाइकामुळे. आमच्याकडे एक कर्णबधिर जोडपं येतं. मास्क आल्यावर त्यांना माझे ओठ वाचता येईनात, तेव्हा आम्ही वहीवर लिहून बोलायला लागलो. एकदा त्यांनी लिहिलं: पत्रकार परिषदेत खुणांच्या भाषेचा दुभाषी का नाही? मी रोज ती परिषद बघत होते आणि मला हे दिसलंच नव्हतं. स्कॉटलंडच्या परिषदेत दुभाषी वक्त्यांच्या जवळच असायचा. लंडनच्या व्यासपीठावर नसायचा. पुढे हे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जुलै 2021 मध्ये न्यायालयाने सांगितलं की 2020 च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरमधल्या दोन परिषदा दुभाष्याविना घेऊन सरकारने समानतेचा कायदा मोडला. त्या निकालाची बातमी मी छापून घेतली आणि त्या जोडप्याला दिली. त्यांना ती आधीच माहीत होती. तरी त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली.

लसीबद्दलही लिहायला हवं, कारण तिचा धागा थेट पुण्याशी आहे. 2021 च्या वसंतात इथे दिलेल्या ॲस्ट्राझेनेका लसीचे सुमारे 50 लाख डोस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून आले होते. मला याचा केवढा अभिमान! मग जुलैत युरोपचं लसीकरणाचं प्रमाणपत्र आलं आणि कळलं की पुण्यात बनलेल्या बॅचेस त्यात धरल्या जात नाहीत. लोक लसीचं कार्ड घेऊन, त्यावर पुण्याच्या बॅचचा नंबर आहे का ते विचारत काउंटरवर यायला लागले, "बघा ना, यावर 4120 आणि झेड आहे का?" चिंता नको म्हणून सांगणारे पंतप्रधान एकीकडे, आणि विमानतळावरून परत पाठवलेले प्रवासी दुसरीकडे. अंगावर तीच लस घेतलेल्या माणसाला मी काय सांगणार होते?

पुढे सप्टेंबरमध्ये नवे प्रवासनियम आले. माझ्या भावाने पुण्यात कोविशील्डचे, म्हणजे सीरमच्या त्याच लसीचे, दोन्ही डोस घेतलेले होते, पण 4 ऑक्टोबरपासून इंग्लंडमध्ये तो लस न घेतलेला धरला जाणार होता, दहा दिवस विलगीकरण. आम्ही दोघा भावंडांनी घेतलेली लस एकच. आधी वाटलं लसीतच खोट काढतायत. नंतर स्पष्टीकरण आलं की लसीचं काही नाही, प्रमाणपत्राचा प्रश्न आहे. 11 ऑक्टोबरपासून तोही सुटला. पण मधल्या तीन आठवड्यांत आमच्याकडच्या दोन आजोबांनी तिसरा डोस घ्यायला नकार दिला. "यांनाच आपल्या लसीवर भरवसा नाही," असं त्यांचं म्हणणं. त्यांना समजवायला मला फार वेळ लागला. एकाने शेवटी घेतला. दुसऱ्यांनी नाही घेतला.

लेस्टरमधली दुकानं 24 जुलै 2020 ला पुन्हा उघडली. पण दुसऱ्याच्या घरात जाऊन बसण्यावरची बंदी आमच्या शहरात मार्च 2020 पासून थेट 17 मे 2021 पर्यंत होती. इतके दिवस. ज्यांची आई चार गल्ल्या पलीकडे राहत होती त्यांनी ती फाटकाबाहेरून बघितली.

आमच्या दुकानात एक इंग्रज आजोबा येतात, मितभाषी, टोपी काढून बोलणारे. त्यांची पत्नी 2020 च्या जूनमध्ये केअर होममध्ये वारली. शेवटचा आठवडाभर ते रोज खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसायचे. आत जायचं नाही असा नियम होता. तो त्यांनी पाळला.

12 एप्रिल 2022 ला दुकानातला रेडिओ सुरू होता. पंतप्रधान आणि अर्थमंत्री ऋषी सुनक या दोघांना पोलिसांनी दंड ठोठावल्याची बातमी लागली. कारण होतं त्यांच्या निवासस्थानी, घरात, पंतप्रधानांच्या वाढदिवसाला जमलेली माणसं. आजोबा गोळ्यांसाठी थांबले होते. त्यांनी मला विचारलं, "तारीख कुठली म्हणाले?"

मी म्हटलं, "19 जून, 2020."

त्यांनी काउंटरवर हात ठेवला आणि एकेक बोट हळूहळू टेकवत मागे मोजत गेले. पाचव्या बोटावर थांबले. मग पिशवी उचलली, टोपी घातली आणि मला नेहमीसारखं थँक्यू म्हणून बाहेर पडले.

ते रोजचे कागद मी टाकून दिलेले नाहीत. काउंटरखालच्या खणात आहेत, तारखेप्रमाणे लावलेले. त्या दिवशी दुकान बंद झाल्यावर मी 19 जूनचा शोधून काढला. त्यावर माझ्या अक्षरात, तीन भाषांत लिहिलं होतं: दुसऱ्या कुणाच्याही घरात जाऊ नका.